आजारी असताना दुसऱ्या पेशंटला साथ देणं : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कोण आणि हे का लिहिताय?

मी डायलिसिसवर आहे, नऊ वर्षं झाली. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. किडन्या गेल्या त्या वर्षी माझी नोकरीही गेली, आणि मग दिवस नुसते पुढे ढकलायचे एवढंच काम उरलं होतं. गेली सहा-सात वर्षं मी युनिटमधे नवीन येणाऱ्या पेशंटसोबत बसते, बोलते, फोनवर असते. कॅन्सरचे, एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार), हृदयाचे पेशंटही आता ओळखीने फोन करतात. सगळे साधारण तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाचं नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, काउन्सेलर नाही, हे सगळं खुर्चीत बसून शिकलेलं आहे आणि थोडं वाचून.

मी स्वतःच एवढा आजारी आहे, मी दुसऱ्याला काय देणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सगळ्यात जास्त इथेच लिहिते.

माझा पहिला दिवस सांगते. मानेत कॅथेटर, अंगात थंडी, आणि मशीन मधेच जोरात वाजायला लागलं. मला वाटलं संपलं आता सगळं. सिस्टर दुसऱ्या टोकाला कोणाचा तरी बीपी पडला होता तिथे धावली होती. शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर काका होते, ते डोळे न उघडता म्हणाले, "बाळा, मान वळवलीस ना आत्ता? नळी दुमडली असेल. सरळ बस, बघ, ती आली की बंद करेल." मी सरळ बसले, सिस्टर आली, एक बटण दाबलं, आवाज थांबला. बस्स एवढंच. पण त्या एका वाक्याने माझ्यासाठी जे केलं ते आधीच्या पंधरा दिवसात कोणीच केलं नव्हतं. घरच्यांनी जीव ओवाळून टाकला होता, डॉक्टरांनी सगळं व्यवस्थित समजावलं होतं, पण त्यांच्यातल्या कोणालाच ते मशीन स्वतःच्या अंगाला लावलेलं असताना वाजलेलं माहीत नव्हतं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात ते हेच.

ते काका तेव्हा माझ्यापेक्षा जास्त आजारी होते हे मला खूप नंतर कळलं. त्यांच्याकडे ताकद नव्हती, पैसा नव्हता, शिकवण्याची पदवी नव्हती, त्यांच्याकडे सहा वर्षांचे डायलिसिसचे दिवस होते आणि तेच त्यांनी मला दिले. तुमच्याकडेही तुमचे दिवस आहेत. केमोच्या तिसऱ्या दिवशी तोंडाची चव कशी जाते, स्टिरॉइड चालू असताना रात्रभर झोप का लागत नाही आणि उगाच चिडचिड का होते, रिपोर्टची वाट बघताना घड्याळ कसं चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, आणि नव्या माणसाला नेमकं तेच कोणीतरी सांगायला हवं असतं की हे तुझ्या एकट्याचं नाही, असं होतं, माझंही झालं.

पण यात खरंच काही आहे का, की आपण आपल्या मनाची समजूत घालतोय?

मलाही ही शंका होती. मग वाचायला लागले तेव्हा कळलं की ही गोष्ट बरीच जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला एक दलाल धंद्यासाठी गेला होता, नुकतीच दारू सोडलेली, सौदा फिसकटला आणि हॉटेलात बसून त्याला प्यायची जबरदस्त इच्छा झाली. त्याने काय केलं तर फोन करून करून दुसरा एखादा दारुड्या शोधला, आणि तो सापडला तो म्हणजे डॉक्टर बॉब स्मिथ. विल्सनला स्वतःला सावरायचं होतं म्हणून तो दुसऱ्याशी बोलायला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना साथ द्यायची संघटना, तिथून सुरू झालं.

नंतर १९६५ मधे फ्रँक रीसमन नावाच्या अभ्यासकाने याला नावच दिलं, हेल्पर थेरपी, म्हणजे मदत करणाऱ्यालाच मदतीचा फायदा होतो. आणि १९९९ मधे एमएसच्या पेशंटवरचा एक अभ्यास आला, कॅरोलिन श्वार्ट्झ यांचा. एमएस असलेल्या ५ जणींना नीट ऐकून घेण्याचं ट्रेनिंग दिलं आणि त्यांनी एमएसच्याच ६७ पेशंटना दर महिन्याला फोन करायचा. बघायचं होतं ६७ जणांना काय फायदा होतो ते, पण नंतर लक्षात आलं की जास्त फरक त्या फोन करणाऱ्या ५ जणींमधे पडलाय. आत्मविश्वास वाढला, उदासी कमी झाली, आजाराकडे बघायची नजर बदलली. पाचच बायका आहेत, तेव्हा यावरून डंका पिटू नये, पण मी जेव्हा ते वाचलं तेव्हा मला माझंच कोणीतरी लिहिल्यासारखं वाटलं.

मला स्वतःला काय झालं ते सांगते. आजारात तुम्ही सतत घेणारे असता. कोणीतरी गाडीत बसवतं, कोणीतरी गोळ्या काढून देतं, कोणीतरी वजन विचारतं. सगळे प्रेमाने करतात, पण दिवसभर नुसतं घेत राहिलं की माणूस आतून आक्रसत जातो. मी पहिल्यांदा एका नव्या मुलीला सांगितलं की मशीनने चार तासात अंगातून जेवढं पाणी काढायचं ते जास्त असलं की पायात गोळे येतात, म्हणून दोन डायलिसिसच्या मधे पाणी मोजून प्यायचं आणि तहान लागली तर बर्फाचा छोटा तुकडा चघळायचा, आणि तोही पाण्यातच मोजायचा. पुढच्या वेळी ती आली आणि म्हणाली, "ताई, आज गोळे नाही आले." मी त्या दिवशी घरी आले आणि कितीतरी महिन्यांनी मला उद्याचा विचार करावासा वाटला, कारण परवा तिचं परत डायलिसिस होतं आणि पाण्याने तिचं वजन किती वाढलं ते मला विचारायचं होतं.

दुसऱ्यांना मदत केली की आयुष्य वाढतं असं ऐकलंय. खरं आहे?

नाही, असं धरून चालू नका. हे ऐकिवात येण्याचं कारण आहे. १९८९ मधे डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ८६ बायकांचा अभ्यास छापला, त्यात दर आठवड्याला ग्रुपमधे बसून बोलणाऱ्या बायका सरासरी ३६ महिन्यांच्या वर जगल्या आणि बाकीच्या जवळपास १९ महिने. जगभर खळबळ उडाली. पण २००१ मधे २३५ बायकांवर मोठा अभ्यास झाला त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, आणि २००७ मधे खुद्द स्पीगल यांनी परत करून बघितलं तरी तो फरक दिसला नाही. २००१ च्या अभ्यासात एवढं मात्र दिसलं की ग्रुपमधल्या बायकांचं मन जास्त हलकं होतं आणि दुखणं कमी जाणवत होतं, खास करून ज्या सुरुवातीला जास्त त्रासात होत्या त्यांचं.

मला हे पुरेसं आहे. आणि एक विनंती, कोणाही पेशंटला "पॉझिटिव्ह राहा, जास्त जगाल" असं सांगू नका. कारण आजार वाढला की तो माणूस स्वतःला दोष देत बसतो, की मी नीट पॉझिटिव्ह राहिलो नाही. मी असे लोक बघितलेत आणि ते बघून फार वाईट वाटतं.

हॉस्पिटलमधे काउन्सेलर असतात, मग पेशंटची काय गरज?

दोघांची गरज आहे, दोघांची कामं वेगळी. १९५२ मधे अमेरिकेत टेरीस लासर नावाच्या बाईंचं स्तन काढायचं ऑपरेशन झालं, आणि नंतर कपडे कसे घालायचे, हात कसा हलवायचा, नवऱ्याशी कसं बोलायचं हे त्यांना कोणीच सांगेना. मग त्या स्वतःच दुसऱ्या बायकांना भेटायला हॉस्पिटलमधे जायला लागल्या. काही डॉक्टरांना ते अजिबात आवडलं नव्हतं. पण त्यातूनच रीच टू रिकव्हरी, म्हणजे ऑपरेशन झालेल्या बायकांनी नव्या बायकांना भेटायचं काम, उभं राहिलं आणि १९६९ मधे अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं. जे प्रश्न डॉक्टरसमोर विचारायची लाज वाटते ते पेशंट पेशंटला विचारतो. आणि जे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे ते काउन्सेलरकडे पाठवायचं.

पहिल्यांदा भेटल्यावर बोलायचं काय? मला तर तोंडच उघडत नाही.

तोंड कमी उघडलं तर उलट बरं. मी सुरुवातीला खूप बोलायचे, माझी अख्खी कहाणी सांगायचे, आणि समोरचा बिचारा स्वतःच्या संकटात असताना माझं ऐकत बसायचा. आता मी आधी फक्त नाव सांगते, किती वर्षं झाली ते सांगते आणि विचारते, "आज कसं वाटतंय?" आज हा शब्द महत्त्वाचा. नुसतं कसं वाटतंय विचारलं की माणसाला सगळ्या आयुष्याचा हिशोब द्यावासा वाटतो, आजचं सांगता येतं.

नवीन लोकांना मी एक गोष्ट करायला सांगते. माझ्या हातावरच्या फिस्टुलावर हलकेच बोट ठेवायला सांगते. फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर छोट्या ऑपरेशनने जोडलेली असते, रक्त जोरात वाहतं म्हणून तिथे बोटाला थरथर जाणवते, आत मधमाशी अडकल्यासारखी. लोक आधी दचकतात. मग मी सांगते की ही थरथर म्हणजे सगळं चालू आहे, रोज सकाळी मी ती तपासते, या हाताचा बीपी घेऊ देत नाही, या हातातून रक्त काढू देत नाही. ज्या गोष्टीची किळस किंवा भीती वाटत होती ती एकदा बोटाला कळली की अर्धी भीती जाते. तुमच्या आजारात अशी काहीतरी गोष्ट असेलच, औषधासाठी छातीत बसवलेलं पोर्ट असेल, पोटावरची पिशवी असेल, विग असेल. तुम्हाला चालत असेल तर दाखवा. नसेल चालत तर नका दाखवू.

काय बोलू नये हे मात्र मी ठाम सांगते. "सगळं ठीक होईल" बोलू नका, तुम्हाला माहीत नाही. "तू फायटर आहेस" बोलू नका, काही लोकांना आवडतं पण ज्याचा आजार वाढतोय त्याला ते हरल्यासारखं वाटतं. "निदान तुला अमुक तरी नाही" हे तर कधीच नको. "माझ्या ओळखीत एकाला हेच होतं आणि तो..." इथेच थांबा, गोष्टीचा शेवट चांगला असला तरी. आणि रडणाऱ्याला लगेच गप्प करू नका, आपल्याला बघवत नाही म्हणून आपण गप्प करतो.

समोरच्याने औषधाबद्दल विचारलं तर?

माझा नियम असा आहे की डोस, गोळी बंद करणं, गोळी बदलणं, जडीबुटी, चमत्कारी उपाय, यावर मी एक शब्द बोलत नाही. माझ्या पोटॅशियमचं पथ्य त्याला लागू होईलच असं नाही, एकच आजार असला तरी दोघांची लघवी होणं, हृदय, शुगर सगळं वेगळं असतं. मी एवढंच करते की त्याचा प्रश्न कागदावर लिहून देते, अगदी डॉक्टरला विचारायच्या शब्दात, कारण राउंडच्या दोन मिनिटात माणूस सगळं विसरतो. तीन प्रश्न, त्याहून जास्त नाही. एकदा एक जण फार मागे लागला की तुम्ही काय घेता ते तरी सांगा, मी नाही सांगितलं, तो रागावला, पुढच्या आठवड्यात परत येऊन बसला शेजारी. रागावले तर रागावू द्या.

ज्याला मी साथ दिली तो बरा झाला आणि मी आहे तिथेच. मला जळफळाट होतो. मी वाईट माणूस आहे का?

अजिबात नाही, आणि हे विचारलंत त्याबद्दल तुमचे आभार, कारण हे कोणी विचारत नाही.

माझ्या शेजारी दोन वर्षं बसणाऱ्या एका मैत्रिणीला किडनी मिळाली. आदल्या रात्री तिने मलाच पहिला फोन केला. मी फोनवर आनंदाने ओरडले, आणि तो आनंद खराच होता, आणि फोन ठेवून मी बाथरूममधे जाऊन रडले तेही खरंच होतं. परवापासून ती खुर्ची रिकामी असणार होती आणि ती आता हवं तेवढं पाणी पिणार होती. पाण्याचा मला इतका हेवा वाटला की मला माझीच भीती वाटली. मी तीन आठवडे तिचा फोन घेतला नाही. मग एक दिवस घेतला आणि सरळ सांगितलं की मला तुझा हेवा वाटतोय आणि तो जात नाहीये. ती गप्प बसली, मग म्हणाली की मला तुला फोन करताना अपराधी वाटतं. म्हणजे तिच्याकडेही तेच होतं, दुसऱ्या बाजूने.

तेव्हा हेवा लपवू नका. ज्याचा वाटतो त्यालाच सांगायला हवं असं नाही, पण कोणालातरी सांगा. आणि त्या काळात नवीन पेशंटशी बोलणं थोडं थांबवा, कारण मनात हे चालू असताना आपण उसनं अवसान आणून बोलतो आणि आजारी माणसाला उसनं अवसान लगेच ओळखू येतं.

ज्याच्याशी रोज बोलत होते तो गेला तर? मी हे झेलू शकेन का?

हे होणार. कोणी तुम्हाला गोड बोलून या कामात ओढत असेल आणि हे सांगत नसेल तर तो तुम्हाला फसवतोय.

माझ्या पहिल्या वेळी एक तरुण मुलगा होता, मला काकू म्हणायचा. त्याला मी मशीनचे सगळे आवाज शिकवले होते. एका सोमवारी त्याच्या जागी दुसरं कोणीतरी बसलं होतं, आणि युनिटमधे कोणी काही बोलेना, सिस्टर नजर चुकवत होत्या. मला टेक्निशियनने जाताना हळूच सांगितलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला की मला विचारावं लागलं. आता आमच्यात ठरलेलं आहे की कोणी गेलं तर लपवायचं नाही, त्याच दिवशी सांगायचं, आणि ज्यांना बोलायचं आहे त्यांनी डायलिसिस सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं त्याच्याबद्दल बोलायचं. काही जण बोलतात, काही जण कानात हेडफोन घालतात, दोन्ही चालतं.

नंतर येतं ते अपराधीपण. तो पंचविशीतला आणि गेला, मी आहे, का? याला उत्तर नाही आणि मी शोधणं सोडलंय. एक गोष्ट मला मदत करते ती सांगते, मी एका वहीत ओळ लिहून ठेवते, त्या माणसाकडून मी काय शिकले ते. त्या मुलाच्या नावापुढे लिहिलंय की घाबरलेला माणूस प्रश्न विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असतं, त्याला आवाज हवा असतो. हे मला त्यानेच एकदा चिडून सांगितलं होतं.

आणि एका गेलेल्या माणसानंतर लगेच दुसऱ्याची जबाबदारी घेऊ नका. मी घेतली होती आणि मी त्याच्याशी नीट वागले नाही.

कोणी जीव द्यायचं बोललं तर?

गुपित ठेवायचं नाही. "कोणाला सांगू नका" असं वचन मागितलं तरी द्यायचं नाही, सुरुवातीलाच सांगून टाकायचं की बाकी सगळं माझ्यापाशी राहील पण जीवाचा प्रश्न आला तर मी सांगणार. सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. हो म्हटलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच त्याच्या घरच्यांना, हॉस्पिटलला किंवा इमर्जन्सीला कळवायचं.

यात एक फरक लक्षात ठेवा. खूप आजारी माणूस कधी कधी म्हणतो की मला आता हे उपचार नकोत, डायलिसिस बंद करायचं आहे. ते दर वेळी जीव देणंच असतं असं नाही, तो नीट विचार करून घेतलेला निर्णयही असू शकतो, किंवा न सांगितलेलं दुखणं आणि उदासी असू शकते. कुठलं काय आहे हे ठरवणं आपलं काम नाही. आपण त्याला म्हणायचं की हे डॉक्टरांशी आणि पॅलिएटिव्ह टीमशी, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या टीमशी, बोलूया, हवं तर मी सोबत बसते.

मला इन्फेक्शनची भीती वाटते. भेटायलाच हवं का?

भेटायलाच हवं असं काही नाही, आणि काही आजारात तर भेटूच नये. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, त्या दिवसात फोनवरच बोला. आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट कफ साचणारा जन्मजात आजार) पेशंटनी तर एकमेकांपासून किमान ६ फूट लांब राहायचं असा नियम आहे, कारण त्यांच्या फुफ्फुसातले काही जंतू एकमेकांना लागतात आणि ते फार धोकादायक असतात. म्हणजे ज्याला तुमचं सगळ्यात जास्त कळतं त्याच्याच जवळ जाता येत नाही. तरीही ते लोक वर्षानुवर्षं फोनवर, व्हिडिओवर एकमेकांना धरून आहेत, याचा मला फार आदर वाटतो.

मी लवकर थकते. किती वेळ द्यावा?

डायलिसिसच्या दिवशी घरी आल्यावर मी अर्धमेली असते, त्या दिवशी फोन बंद. बाकीच्या दिवशी संध्याकाळी एक तास, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त लोक नाही. हे लोकांना आधीच सांगते. सुरुवातीला रात्री दोन वाजता पण फोन घ्यायचे, मला वाटायचं नाही घेतला तर काही झालं तर, आणि दोन महिन्यात माझाच बीपी वर, माझंच पाण्याचं पथ्य बिघडलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त वजनाचा चार्ट माझ्यासमोर ठेवला. तेव्हा कळलं की कोणाला साथ देतेय म्हणून माझं शरीर मला सूट देणार नाही.

स्वतःचे रिपोर्ट खराब आले की सुट्टी घ्या. आणि त्या सुट्टीत तुम्हाला कोणीतरी हवं, तुमचा स्वतःचा शेजारच्या खुर्चीतला माणूस, तो आधीच ठरवून ठेवा.

घरचे म्हणतात, आधी स्वतःकडे बघ.

त्यांचं ऐका, निदान अर्धं तरी. ते घाबरलेले असतात, आणि कधी कधी त्यांना वाटतं की आमच्याशी दोन शब्द बोलत नाही आणि परक्यांशी तासभर बोलते. माझ्या मुलीने हेच मला सांगितलं होतं आणि ते खरं होतं. आजाराबद्दल घरच्यांशी बोलताना त्यांचं दुःख सांभाळावं लागतं, परक्याशी बोलताना नाही, म्हणून तिथे सोपं जातं. मी तिला हे समजावून सांगितलं. आणि आता आजाराशिवायच्या गोष्टी मी आधी तिला सांगते.

आजारात अर्थ सापडायलाच हवा का? मला तर नुसताच आजार वाटतो.

नाही हो. अजिबात नाही. व्हिक्टर फ्रँकल, व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, नाझी छळछावण्यांतून वाचलेले, त्यांनी आयुष्यभर अर्थ या एकाच विषयावर काम केलं. पण त्यांनीही हे स्पष्ट सांगितलंय की अर्थ सापडायला दुःख लागतंच असं नाही आणि जे दुःख टाळता येतं ते आधी टाळावं. त्यांच्याच विचारावरून न्यूयॉर्कमधे विल्यम ब्राइटबार्ट यांनी गंभीर कॅन्सरच्या पेशंटसाठी एक उपचारपद्धत तयार केली.

मी यात सिसिली सॉन्डर्स यांचं जास्त मानते. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर, आणि १९६७ मधे त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी जागा, सुरू केलं. त्या म्हणायच्या की वेदना एक नसते, शरीराची, मनाची, नात्यांची आणि आतल्या श्रद्धेची अशी सगळी मिळून एक वेदना असते. मी त्यातून एवढं घेतलं की ज्याचं अंग दुखतंय त्याला आधी दुखणं कमी व्हायचं औषध मिळू दे, अर्थाचं मग बघू. अंग ठणकत असताना कोणाला जगण्याचा हेतू विचारणं हा छळ आहे.

आणि ज्याला यात पडायचंच नाही त्याने पडू नये. भिंतीकडे तोंड करून चार तास झोपणारे पेशंटही आमच्याकडे आहेत, त्यांचंही बरोबर आहे.

मी बेडवरून उठू शकत नाही, बोलायलाही त्रास होतो. माझ्याकडून काय होणार?

आमच्या एका पेशंटने, त्याला बोलताना दम लागायचा, नवीन लोकांसाठी एक पान लिहून दिलं. थंडी वाजते म्हणून काय घालून यायचं, बाह्या कशा मोकळ्या हव्यात, पहिल्या दिवशी डोकं दुखलं तर घाबरू नका पण सिस्टरला सांगा, असं साधं सगळं. ते पान अजून वाटलं जातं. एक जण फक्त मेसेज करते, पेशंटच्या डायलिसिसच्या सकाळी एक ओळ.

आणि मोठं कामही पेशंटनीच केलेलं आहे. १९८३ मधे डेन्व्हरला एड्स झालेल्या काही लोकांनी एकत्र येऊन लिहून दिलं की आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही एड्स असलेली माणसं आहोत आणि आमच्याबद्दलच्या प्रत्येक निर्णयात आम्हाला जागा हवी. त्या वेळी त्यावर एकही औषध नव्हतं, लिहिणाऱ्यांना आपण किती जगू माहीत नव्हतं. आज हॉस्पिटलच्या समित्यांवर पेशंट बसतात त्याची एक वाट तिथून येते.

सुरुवात कुठून करू?

तुम्ही जिथे उपचार घेता तिथल्या सिस्टरला किंवा सोशल वर्करला सांगा की कोणाला बोलायचं असेल तर माझं नाव द्या. परवानगी घेऊनच. एकाच माणसापासून सुरू करा. त्याचं काहीही दुसऱ्या पेशंटला सांगू नका, चांगली बातमीसुद्धा नाही. कुठे ट्रेनिंग मिळत असेल तर नक्की घ्या, मी उशिरा घेतलं, आधी घेतलं असतं तर माझ्या बऱ्याच चुका टळल्या असत्या. स्वतःचं निदान होऊन दोन-चार महिनेच झाले असतील तर थांबा, आधी तुमच्याशी कोणीतरी बोलू दे.

आणि तुम्हाला काही झालं तर तुमच्या लोकांचं काय?

हे मला त्या पाण्यावालीने, म्हणजे जिचे पायातले गोळे थांबले होते तिने विचारलं. मी तेव्हा हसून टाळलं, मग घरी जाऊन नीट विचार केला. आता माझ्या तिन्ही लोकांना तिचा नंबर दिलेला आहे आणि तिला त्यांचा, त्या सगळ्यांना विचारूनच. वही कुठल्या ड्रॉवरमधे आहे ते मुलीला माहीत आहे. गेल्या महिन्यात मी इन्फेक्शनने आठ दिवस ॲडमिट होते, तेव्हा नवीन आलेल्या आजोबांशेजारी ती पाण्यावालीच बसली होती, आणि तिने त्यांना फिस्टुलावर बोट ठेवायला सांगितलं.